निवडलेली खडी

माझं काम आईला समजावून सांगण्याचा नाद मी सोडून दिला आहे. ती शेजारणींना सांगते, माझो झील विमानतळ करता. खरं म्हणजे मी दगड भाजतो, त्याला डांबर फासतो, साच्यात घालून ठोकतो, गरम पाण्यात बुडवून ठेवतो आणि शेवटी फोडून बघतो. फोडताना किती जोर लागला ते वहीत लिहितो. वीस वर्षं मी हेच करत आलो. धावपट्टीवर कुठली खडी किती घालायची, डांबर किती घालायचं, ते किती तापवायचं, हे त्या फुटलेल्या ठोकळ्यांवरून ठरतं.

वीस वर्षांतली सतरा मी परराज्यांत काढली. मग आमच्याच जिल्ह्यात, सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, विमानतळाच्या धावपट्टीवर नवा थर टाकायचं काम एका कंत्राटदाराला मिळालं, आणि त्याला प्रयोगशाळा सांभाळणारा माणूस हवा होता. मी धावतच आलो. कट्टा या गावापासून तीन मैलांवर आमचं घर. सकाळी आईच्या हातची पेज जेवायची, मोटरसायकलला किक मारायची आणि पाऊण तासात सड्यावर. एवढं सुख मला नोकरीत कधी मिळालं नव्हतं. त्यामुळे मी जरा हवेत होतो, हे आधीच सांगून टाकतो.

प्रयोगशाळा म्हणजे डांबर प्लँटच्या कुंपणाजवळ ठेवलेला एक लोखंडी कंटेनर. आत भट्टी, चाळण्या, वजनकाटा, पाण्याची टाकी आणि ठोकळे फोडायचं यंत्र. मदतीला दोन माणसं मागितली होती, एक मिळाली. पन्नाशीची बाई, वेंगुर्ल्याच्या काजू कारखान्यात एकोणीस वर्षं गर निवडलेली. कारखान्याने माणसं कमी केली तेव्हा ती घरी बसली होती. सगळे तिला वैनी म्हणत, मीही म्हणू लागलो. सुरुवातीला मी नाक मुरडलं. दगडाच्या कामात काजूवाली काय करणार, असं मॅनेजरला तिच्या समोरच म्हणालो.

आठ दिवसांत मी गप्प झालो. वजनकाट्यावर बाराशे ग्रॅम खडी जोखायची, तर ती पहिल्याच ओंजळीत जवळपास तेवढी घेई. चाळणीत अडकलेला खडा काढायला मला सुई लागायची, तिला नख पुरायचं. ठोकळा ठोकायचा म्हणजे ठराविक उंचीवरून जड हातोडा एका बाजूला पंच्याहत्तर वेळा सोडायचा, मग उलटा करून पुन्हा पंच्याहत्तर. माझे आकडे मधेच चुकतात, फोन येतो, कोणी हाक मारतं. तिचे कधी चुकले नाहीत. आमचे ठोकळे इतके एकसारखे येत की सल्लागाराकडून आलेल्या माणसाने दोनदा उचलून बघितले. मी छाती फुगवून सांगितलं, आमच्या वैनींचा हात आहे.

धावपट्टीच्या कामात एवढी काटेकोर तपासणी का, असं लोक विचारतात. रस्त्यावर खडी सुटली तर फार तर काच फुटते. धावपट्टीवर सुटली तर ती विमानाच्या इंजिनात जाते. त्यामुळे खडी डांबराला घट्ट धरून राहणार की नाही, पाण्यात भिजल्यावरही धरून राहणार की नाही, हे आधी प्रयोगशाळेत सिद्ध करावं लागतं. आमच्या खडीने सगळ्या चाचण्या पार केल्या. चपटे दगड किती, तेही मोजतात, कारण चपटा दगड रोलरखाली पापडासारखा मोडतो. तेही अगदी नगण्य निघाले. मी मिश्रणाचा अहवाल तयार केला, खाली ऐटीत सही केली, आणि तो मंजूर झाला.

प्लँट चालवायला होते आबा. धामापूरचे, साठीला आलेले, उंच, कमी बोलणारे. डांबर प्लँटवर त्यांचं आयुष्य गेलेलं. वयाने माझ्या वडिलांपेक्षा थोडे लहान, पण कामाच्या ठिकाणी मला साहेबच म्हणत. त्यांचं माझं फारसं जमलं नाही, आणि दोष माझा. मी कॉम्प्युटरच्या पडद्यावरचं तापमान बघून ठरवायचो, ते ट्रकमधून निघणारा धूर बघून. मला वाटायचं हा म्हातारा अंदाजपंचे चालवतोय.

खरी धावपट्टी हाती घेण्याआधी थोडा भाग करून बघायचा असतो. प्लँटशेजारच्या जागेवर आम्ही एका सकाळी पट्टा टाकला. पहिल्या दोन ट्रकांतून जरा निळसर धूर निघाला, डांबर फार तापलं की निघतो तसा, आणि तो माझ्या डोक्यात बसला. दुसऱ्या दिवशी पट्ट्यातून गोल तुकडे कापून काढले. ते हातात घेतले आणि माझं तोंड उतरलं. मधले दगड रोलरखाली फुटले होते आणि फुटलेली बाजू पांढरी, डांबर नसलेली. काही दगड तांबूस, भुसभुशीत, नखाने कोरता येतील असे. तुकडा गरम पाण्यात ठेवला तर त्यांच्यावरचं डांबर सोलून निघालं. प्रयोगशाळेत जे मिश्रण आम्ही दगडासारखं टणक म्हणून पास केलं होतं, त्याची पट्ट्यावर ही दशा.

मिश्रण तर माझं पास झालेलं. मग चूक कोणाची? निळा धूर मी बघितला होता. आबांनी डांबर जाळलं, नाहीतर ढिगाच्या तळाची माती लोडरने उचलू दिली, असं मी ठरवूनच टाकलं. त्यांनी एवढंच म्हटलं की खडी बघा. मी म्हटलं, खडी माझ्याकडे नऊ वेळा पास झाली आहे. नाकावर राग घेऊन मी कंटेनरमध्ये बसलो आणि इंग्रजीत पत्र लिहिलं. अशी पत्रं लिहायची मला सवय आहे, वाक्यं ठरलेली असतात. त्यातच लिहिलं की ऑपरेटरने वारंवार सूचना देऊनही तापमानाकडे आणि मालाकडे दुर्लक्ष केलं. मॅनेजरने त्याच संध्याकाळी आबांना सांगितलं, तूर्तास घरी बसा, गरज लागली तर बोलावू.

पत्राची प्रत त्यांना दिली होती. ती घेऊन ते कंटेनरच्या दारात आले. आत आले नाहीत.

"सायबानू, ह्यात काय लिवलेलां आसा तां माका वाचून दाखवा."

मी ठोकळ्यांची वजनं लिहीत होतो. मान वर न करता म्हणालो, घरी कोणाकडून तरी वाचून घ्या. त्यांनी कागदाची घडी घातली आणि ते गेले. वैनी तेव्हा मागच्या नळावर चाळण्या धूत होती. तिला त्यांचं बोलणं ऐकू गेलं नसावं. नंतर तिने विचारलं, आबा दिसत नाहीत. मी म्हटलं, रजेवर आहेत.

चार दिवसांनी मी नवीन नमुने करायला घेतले. दुसरा ऑपरेटर यायचा होता, तोवर हात रिकामे होते. दुपारचं जेवण झाल्यावर वैनी टेबलाखाली वाकली आणि रंगाचा एक मोठा डबा ओढत बाहेर काढला. डबा जड होता, कंटेनरच्या पत्र्यावर करकरला.

"सायबानू, ह्यो डबो भरलो. खंय ओतू?"

मी विचारलं कसला डबा. तिने झाकण काढलं. आत खडी होती. वरच्या थरातली हातात घेऊन बघितली. चपटी, पापडीसारखी. तांबूस, कुजकी. एका बाजूने झिजलेली. डबा गळ्यापर्यंत भरलेला.

"वायट खडी ही. तुमीच सांगितलात मां, काय वायट दिसला तर बाजूक काढा."

सांगितलं होतं. पहिल्याच दिवशी. ट्रेमध्ये खडीबरोबर झाडाची मुळं आणि मातीची ढेकळं आली होती, ती काढून टाकायला मी सांगितलं आणि फोनवर बोलत बाहेर गेलो. ती एकोणीस वर्षं निवडणारी बाई. काजूच्या टेबलावर अख्खा गर एकीकडे, पाकळी दुसरीकडे, कणी तिसरीकडे आणि काळा पडलेला बाजूला, हे तिचे हात डोळ्यांना न विचारता करत. खडी जोखता जोखता तिने तेच केलं. चपटा दगड दिसला, काढला. तांबडा दिसला, काढला. आणि काढलेलं टाकून द्यायचं नाही, हाही कारखान्याचाच रिवाज. निवडणारीने खराब गर मुकादमाला दाखवायचा असतो, नाहीतर तिने खाल्ला म्हणतात. म्हणून तिने डबा जपून ठेवला होता. लपवायचं तिच्या मनातही नव्हतं.

म्हणजे मी नऊ वेळा पास केली ती खडी खाणीची नव्हतीच. ती वैनीने निवडलेली होती. आमच्याकडे खाणीत वर जांभा, खाली काळा दगड, आणि मधे कुजलेल्या दगडाचा तांबडा पट्टा. तो पट्टा क्रशरमध्ये जात होता, प्लँटमध्ये जात होता, ट्रकमध्ये जात होता. फक्त माझ्या टेबलावर येत नव्हता. नमुना घ्यायचा तो डोळे मिटल्यासारखा घ्यायचा, बरं-वाईट जसं येईल तसं, हा या कामाचा पहिला धडा. तो मी तिला शिकवलाच नव्हता. एकसारखे ठोकळे बघून मला संशय यायला हवा होता. मला संशयाऐवजी अभिमान वाटला.

मी ढिगावर गेलो आणि फावड्याने चार ठिकाणची खडी उपसली. चारही ठिकाणी तीच चपटी, तीच तांबडी. आबा म्हणाले होते, खडी बघा.

डबा घेऊनच मी मॅनेजरकडे गेलो. त्याने सगळं शांतपणे ऐकलं. तो वाईट माणूस नव्हता, त्याला काम पुढे न्यायचं होतं. म्हणाला, यात लिहिण्यासारखं काय आहे? मिश्रणात बदल सगळीकडेच होतात. खाणीचा तो भाग बंद करू, तुम्ही नव्याने चाचण्या करा, सुधारित अहवाल द्या. म्हातारा आता घरी गेलाच आहे, नवीन ऑपरेटर येतोय. फार तर त्या बाईला बदलून टाका. बाईला बदलायचं नाही, असं मी ठणकावून सांगितलं. बाकीच्याला मान डोलावली. बाईसाठी भांडलो याचंच मला समाधान वाटलं, आणि त्या समाधानात मी दोन दिवस काढले.

नवे नमुने करताना मी एक पेटी आणली. वरून खडी ओतली की खालच्या खाचांतून तिचे आपोआप दोन भाग होतात, माणसाने हात लावायचा नाही. वैनीला मी डब्याचं सगळं सांगितलं. म्हटलं, चूक माझी आहे, पण आता वाईट खडीही मिश्रणात जाऊ द्यायची. तिला ते पटलं, पण हाताला पटेना. पेटीत खडी ओतताना चपटा दगड दिसला की तिची बोटं पुढे व्हायची. शेवटी तिने दोन्ही हात पदराखाली घेतले आणि मला म्हणाली, तुम्हीच ओता.

मी ओतत होतो, ती बघत होती. मग तिने विचारलं की त्या पट्ट्याचं काय झालं, आणि आबांची रजा अजून संपली नाही का. मी खाली बघून खडी ओततच राहिलो. तिने माझ्याकडे बघितलं आणि तिला कळलं.

"माझ्या खडीपायी आबांका घराक धाडलात?"

मी म्हटलं, तुमच्या नाही, माझ्या. ते तिने ऐकलंच नाही.

"तुमी सांगतलात, काय मी जावन सांगू?"

मला लाज वाटली. एवढी लाज मला नापास झालो तेव्हाही वाटली नव्हती. त्या दुपारी मी दुसरं पत्र लिहिलं. नमुना निवडून घेतला गेला, म्हणून पहिला अहवाल चुकीचा आहे. पट्टा बिघडला तो खडीमुळे, प्लँटमुळे नाही. सगळी जबाबदारी प्रयोगशाळाप्रमुख म्हणून माझी. वैनीचा उल्लेख केला नाही. मॅनेजरने वाचलं आणि म्हणाला, ही फाइल तुमच्या मागे मागे फिरेल, पुढच्या नोकरीतसुद्धा. मी म्हटलं, फिरू दे. ऑपरेटरला परत बोलवा, म्हणालो. मॅनेजर म्हणाला, तो येत असेल तर आणा. मी दोनदा फोन केला, आबांनी उचलला नाही.

रविवारी जेवून मी निघालो. कट्टा गावात केळी घेतली, रिकाम्या हाताने जाऊ नये म्हणून. धामापूरला तळ्याच्या पुढे डावीकडे वळलं की आबांचं घर. ते मागच्या खळ्यात वाळत घातलेल्या काजूबिया पालथ्या करत होते. मला बघून त्यांनी पाय धुतले, पडवीत चटई टाकली, पत्नीला चहा ठेवायला सांगितला. सड्यावर मला साहेब म्हणणारा माणूस घरी म्हणाला, बस रे झिला. मी दुसरं पत्र, अजून फाइलला न लावलेलं, आणि त्यांच्यासाठी त्याची प्रत काढली आणि सांगायला सुरुवात केली. त्यांनी हाताने थांबवलं, आत गेले आणि प्लास्टिकच्या पिशवीतून पहिलं पत्र घेऊन आले. घडी तशीच होती. त्यांनी ते कोणाकडूनही वाचून घेतलं नव्हतं.

"आदी ह्यां वाच. माका समजात तशां."

मी वाचायला लागलो. इंग्रजीत ते पत्र दहा मिनिटांत लिहून झालं होतं. मालवणीत एकेका वाक्याला वेळ लागू लागला. त्यांची पत्नी चहाचे कप घेऊन दारात उभी राहिली होती. ऑपरेटरान कामात हयगय केल्यान, हे वाचलं. तेका वारंवार सांगूनय तेणी ऐकूक नाय, हेही वाचलं.

"थांब," ते म्हणाले. "वारंवार कदी सांगितलंस?"

ते वाक्य मी पाच वेगवेगळ्या कामांवर पाच वेगवेगळ्या माणसांबद्दल लिहिलं होतं. पत्राची सुरुवात कशी करावी हा प्रश्न पडला की ते आपसूक उमटतं. तेव्हा मी आबांना काही सांगितलंच नव्हतं. एकदाही नाही.

"सांगूक नाय," मी म्हणालो. "एकदाय सांगूक नाय."

त्यांनी मान हलवली. त्यांना तेवढंच हवं होतं की काय, कळेना. मग मी दुसरं पत्र वाचलं, डब्याची आणि निवडलेल्या खडीची सगळी हकीकत सांगितली. वाचून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की एवढ्या शहाणपणाने लिहिलेल्या त्या दुसऱ्या पत्रात त्या वारंवारबद्दल अवाक्षरही नाही. पहिल्या पत्रातलं ते वाक्य फाइलमध्ये तसंच राहणार होतं. मी खिशातून पेन काढलं. सहीच्या खाली मराठीत लिहिलं की ऑपरेटरला आधी कोणतीही सूचना दिलेली नव्हती, पहिल्या पत्रातलं ते वाक्य खोटं आहे. मूळ कागदावर लिहिलं, त्यांच्यासाठी आणलेल्या प्रतीवरही लिहिलं, आणि दोन्हींवर पुन्हा सही केली. अक्षर गचाळ आलं.

आबांनी ते मराठी वाक्य स्वतः वाचलं, एकेका अक्षरावर बोट ठेवत. पहिलं पत्र आणि दुसऱ्याची प्रत एकत्र घडी करून पिशवीत घातली. त्यांच्या पत्नीने कप पुढे केला, चहा गार झाला होता. मी तो पिऊन टाकला. मग विचारलं, येणार का. नव्या नमुन्याचा आकडा पहिल्यापेक्षा कमी आला आहे, पण खरा आहे, हेही सांगितलं. आता खाणीचा तांबडा भाग बंद केलाय, हेही.

त्यांनी खळ्याकडे बघितलं. बिया अर्ध्याच पालथ्या झाल्या होत्या.

"त्या वैनीची नोकरी आसा मां?"

"आसा."

"मगे येतंय," आबा म्हणाले, आणि उरलेल्या बिया पालथ्या करायला उठले.